दोन खांबांमधलं कपाट

प्रिय साहेब,

दचकू नकोस, मीच लिहिते आहे. फर्निचरच्या दुकानातल्या त्या माणसाने तुला ज्या नावाने हाक मारली ते तुला फार गोड लागलं होतं, म्हणून म्हटलं आपणही तेच वापरून बघू. तू पाठवलेलं पाकीट मिळालं. त्याबद्दल शेवटी लिहीन. आधी बातमी सांगते: कपाट गेलं. सोफा गेला, स्वयंपाकघराच्या ट्रॉल्याही गेल्या. बाहेरच्या खोलीची खिडकी आता पूर्ण उघडते. लेक काल जमिनीवर पालथी पडून अभ्यास करत होती. आपल्या घरात एवढी जमीन आहे हे ती विसरूनच गेली होती.

ते कसं गेलं ते सांगायचंच आहे, पण आधी ते कसं आलं तेही एकदा लिहून टाकते. लेकीला तू फोनवर सांगतोस की आपलं नशीबच फुटकं निघालं, घर हातातून निसटलं. नशिबाला बिचाऱ्याला तोंड नाही म्हणून ते गप्प बसतं, मला आहे. बँकेतल्या बाईंनी आपल्याला शेजारी शेजारी बसवून सांगितलं होतं की कर्ज मंजूर झालंय, पण इमारत अजून उभी राहतेय, ताब्याच्या आधी आम्ही पुन्हा सगळं तपासतो आणि मगच पैसे सोडतो. तोवर नवी उधारी करू नका, मिक्सरसुद्धा हप्त्यावर घेऊ नका. तू माझ्यापेक्षा जोरात मान हलवलीस. बाहेर आल्यावर म्हणालासही, की मिक्सर काय, मी चहासुद्धा उधार पिणार नाही.

आणि खरंच, पहिले काही महिने तू प्यायला नाहीस. दर रविवारी आपण तिघं त्या अर्धवट इमारतीत जायचो. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस तू, आधी लिफ्टच्या खड्ड्यात वाकून बघायचास आणि रुळ बसवणाऱ्यांना नावं ठेवायचास, म्हणायचास की हिचा दरवाजा सहाव्या मजल्यावर अडखळणार. मग वर जाऊन आपल्या खोल्या. लेकीने खिडकीची खोली केव्हाच आपल्या नावावर केली होती. आतल्या खोलीत दोन खांबांच्या मध्ये जी जागा सुटली होती, तिथे तू टेप लावून उभा राहायचास. वर, मध्ये, खाली, तिन्हीकडे माप. मी चष्म्याच्या कारखान्यात काचा घासते, केसाएवढा फरक माझ्या डोळ्यांना खुपतो, पण तुझ्या मापात मला कधी खोट सापडली नाही. तुझा मला अभिमान वाटायचा. हे मी तेव्हा बोलले नाही, आता बोलून काही उपयोग नाही, पण वाटायचा.

त्याच मापाचा कागद खिशात घालून तू एकटा त्या दुकानात गेलास. मी तिथे नव्हते, पण तू नंतर इतक्यांदा सांगितलंस की मला सगळं दिसतं. त्या माणसाने खुर्ची पुढे केली, गार कॉफी मागवली आणि म्हणाला, साहेब, तुमच्यासारख्या माणसाने नव्या घरात जुनं सामान न्यायचं? दिवसभर ग्रीसमध्ये हात घालणाऱ्या माणसाला कोणी साहेब म्हटलं की त्याच्या हाताला पेन येतं. कपाट, सोफा, ट्रॉल्या, सगळं हप्त्यावर. आणि मला सांगायचं नाही, किल्ली मिळेल त्या दिवशी दाखवायचं. बाजारात तुरी म्हणतात ते हेच. घराच्या भिंतींना अजून रंग नव्हता आणि आपला सोफा तयार.

बँकेतल्या बाईंनी स्क्रीन आपल्याकडे वळवली तो दिवस मी विसरणार नाही. तुझ्या नावावर नवं कर्ज दिसत होतं आणि तुझ्या पगारात दोन्ही हप्ते बसत नव्हते. मी तुझ्याकडे बघितलं. तू म्हणालास, मॅडम, ते कर्ज नाहीये, ते बिनव्याजी आहे. त्या बाई हसल्या नाहीत, हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या क्षणी रागाच्याही आधी मला तुझी दया आली. तुला खरोखरच तसं वाटत होतं. व्याज नाही म्हणजे कर्ज नाही, एवढं सरळ गणित घेऊन तू वर्षभर आनंदात फिरत होतास.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहिते. बँकेने कर्ज रद्द केलं. दुकानाने माल मापाचा आहे, परत घेत नाही म्हणून हात वर केले. दुसऱ्या बँकेकडे जायला बिल्डरने मुदत दिली नाही. बुकिंगच्या पैशातला मोठा लचका तोडला आणि आपला फ्लॅट जास्त भावाने दुसऱ्याला विकला. त्या बुकिंगमध्ये माझ्या आईच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले पैसे होते. ऑपरेशनची वेळच आली नाही, ती आधीच गेली, आणि जाताना सांगून गेली की आता हे घरात घाल. मी घातले. त्यावर तू आजपर्यंत एक शब्द बोललेला नाहीस.

आणि मग ठरल्या तारखेला टेम्पो आला, या भाड्याच्या दोन खोल्यांच्या दारात. हमालांनी सोफा जिन्यात तीनदा आडवा-उभा केला आणि त्यातला एक म्हणाला, वहिनी, पत्ता चुकला तर नाही ना? कपाट सुट्या फळ्यांत आलं आणि भिंतीला टेकून खिडकी अडवून बसलं. नाकापेक्षा मोती जड. तू महिनाभर त्या फळ्यांना वळसा घालून ये-जा केलीस आणि मग तुला अचानक त्या लांबच्या गावी ओव्हरटाइम मिळाला. हप्ते फेडायचे म्हणून जातोय, म्हणालास. मी अडवलं नाही. पण तू हप्त्यांसाठी गेला नाहीस, त्या फळ्यांकडे बघवत नव्हतं म्हणून गेलास. बघत आम्ही राहिलो.

शेवटी मीच हिय्या केला. मापाचं कपाट जगात एकाच ठिकाणी बसणार होतं, म्हणून मी तिथेच गेले. लिफ्ट सहाव्या मजल्यावर अडखळली. दार एका निवृत्त मास्तरांच्या बायकोने उघडलं. मी खरं ते सगळं सांगितलं, लपवून काय करायचं होतं? त्यांनी मला आत नेलं. लेकीच्या खोलीत मास्तर पेपर वाचत होते. दोन खांबांच्या मध्ये त्यांनी एक लोखंडी रॅक ठेवला होता, दोन्ही बाजूंना हातहात जागा मोकळी. त्या बाई म्हणाल्या, इथे काही धडच बसत नाही हो.

रविवारी सुताराने कपाट जोडलं आणि आत सरकवलं. कुठे बोट जाईल एवढीसुद्धा फट नाही. बाई हरखून म्हणाल्या, अगदी इथल्यासाठीच केल्यासारखं आहे. मी म्हटलं, हो, ज्याने माप घेतलं त्याचा हात चांगला होता. मग जिन्याने खाली आले, लिफ्टमध्ये कोणी असतं तर माझं तोंड बघितलं असतं. सोफा आणि ट्रॉल्याही त्यांनीच घेतल्या, पडत्या भावाने, पण रोख. त्यात माझी भिशी घातली आणि दुकानाचे सगळे हप्ते मिटवून टाकले.

आता तुझं पाकीट. तिकडच्या नव्या इमारतीचं चकचकीत पत्रक, कर्जाचा अर्ज, आणि माझी सही हवी तिथे तिथे तू पेन्सिलीने केलेल्या फुल्या. पत्रकात 'फर्निचरसह, हप्ते बिनव्याजी' या ओळीखाली तू रेघ ओढली आहेस. लेकीला तर फोनवर सांगूनही टाकलंस की तुझी खोली निळी असेल. फोन ठेवून ती मला म्हणाली, बाबांना सांग, मला खोली नको, त्यांना घरी यायला सांग. तिचा निरोप पोचवायचा म्हणून हे पत्र. कागद सोबत परत पाठवते आहे, सही न करता. हप्ते संपले, तेव्हा तिकडे राहायचं कारणही संपलं. लिफ्ट दुरुस्त करणारा, तीनदा माप घेणारा माझा एक नवरा होता. त्याला यायचं असेल तर त्याने यावं, जिना तोच आहे, खिडकी उघडी आहे. साहेबांनी मात्र येऊ नये. त्यांना बसायला द्यायला आता घरात सोफा नाही.

तुझीच, अजून तरी.