तारखेच्या आधी

तीर्थरूप ताईस, धाकट्याचा वाकून नमस्कार.

तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला? (त्यांनी विडी सोडली असं तू लिहिलंस, तेही मी निमूटपणे खरं मानलं.) इकडे सगळं ठीक, असं लिहायला बसलो होतो, पण कसलं ठीक न् कसलं काय! परवा हिला कळा सुरू झाल्या, तेव्हापासून आम्ही दवाखान्यात मुक्कामाला आहोत.

ताई, माझ्या शिलाईच्या दुकानातून आजवर एक सदरा कबूल केलेल्या तारखेला बाहेर पडलेला नाही. लोक लग्न उरकून कोट न्यायला येतात. आणि नेमकं माझंच लेकरू तारखेच्या आधी निघावं? डॉक्टरीणबाई म्हणतात, आठवा आत्ता कुठे लागलाय. सासूबाई म्हणतात, छे, नववा! कारण हिनं जी शेवटची पाळी सांगितली, तिच्या आधीपासूनच हिला चहाचा वास सहन होत नव्हता. म्हणजे ती पाळी नव्हेच, नुसता डाग. मला तर देवच भेटला. सगळ्यांचं मोजणं चुकलेलं असू दे, एवढं एकच मागणं मी दिवसभर मागतोय. कळा तूर्त थांबल्यात. बाळाच्या फुप्फुसांसाठी हिला इंजेक्शनं दिलीत. डॉक्टरीणबाईंनी खोदखोदून विचारलं, काम काय करता (केस कापते, दिवसभर उभी), पहिली मुलगीही लवकरच झाली होती ना. यावर सासूबाई फणकारल्या, लवकर नाही हो, ती जरा घाईत होती! मी हसलो. ही हसली नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणाली, मीच बसून राहायला हवं होतं. कापड बिघडलं तर ठिगळ लावता येतं. इथे माझे हात नुसते लोंबतायत.

तुझा,
धाकटा

ता. क. सासूबाईंचं खरं नाही. दुसऱ्या महिन्यातच सोनोग्राफी झाली होती, आणि इतक्या लवकर काढलेली तारीख फारशी चुकत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं. आठवाच आहे. हिला मी हे सांगितलं नाही. त्या एका महिन्याच्या भरवशावर तिचा डोळा लागतो.

आणखी एक. तुझा थोरला आठव्यातच झाला होता ना? त्याला लगेच पाठव. दाढी करू नकोस म्हणावं. बोलायचं काही नाही, नुसतं खोलीच्या दारात उभं राहायचं, सगळं दार अडवून. हिला एकदा डोळे भरून बघू दे. (मलाही.)