बदलांची नववी यादी

३ फेब्रुवारी
सातवी यादी आली! तीन मिनिटांची फिल्म आणि सात वेळा बदल. पंप बनवणारी कंपनी आहे, रॉकेट नाही! आमचा सगळा व्यवहार जनसंपर्क खात्यातल्या 'थोडंसं' साहेबांशी. नाव मीच ठेवलंय. "सुरुवातीला थोडंसं मशीन दाखवू या. संगीत थोडंसं कमी करू या." फोनवर इतकं गोड बोलतात की भांडताही येत नाही. म्हणून इथे भांडतेय.

४ फेब्रुवारी
कॅमेरा भावोजींचा, एडिटिंग माझं. आज त्यांनी समोर बसवून ऐकवलं. "वहिनी, तुमच्या जिभेपायी दोन क्लायंट गेले. ही फिल्म पास झाली तर कंपनीच्या वर्षभराच्या ट्रेनिंग फिल्म आपल्या. क्लायंट म्हणजे जावई. रुसला तरी मानपान सोडायचा नाही."
मी म्हटलं, जावई निदान काय हवं ते एकदाच सांगतो! हसले. पण त्यांचं खरं आहे. हे काम गेलं तर कामासाठी घेतलेली ही भाड्याची खोली सोडावी लागेल. घरच्या जेवणाच्या टेबलावर पुन्हा एडिटिंग — नको गं बाई.

७ फेब्रुवारी
आठवी यादी. पॅकिंगच्या बायका खोक्यांना चिकटपट्टी लावता लावता एकदम खळखळून हसतात. अख्ख्या फिल्ममध्ये माझा जीव त्या शॉटमध्ये आहे. तर म्हणे, "शॉट राहू द्या, पण थोडासा छोटा करू या." सहा सेकंदांचे चार केले. चडफडत.

८ फेब्रुवारी
विचारलं, "मला तुमच्या मोठ्या साहेबांशी थेट बोलू द्या ना." तर — "कशाला? मी आहे ना." काय तो तोरा! स्वतःचं महत्त्व कमी होईल ना.

११ फेब्रुवारी
नववी यादी. माझं डोकंच फिरलं. भावोजी बाहेर गेलेले, अडवायला कोणी नाही. सरळ मोठ्या साहेबांना मेल पाठवला: "तुमच्या अधिकाऱ्यांना निर्णय घेता येत नाही. रोज नवे बदल सांगतात, त्यामुळे काम रखडलं आहे." हुश्श! आज दोन घास जास्त गेले.

१२ फेब्रुवारी
भावोजींना मेलचं सांगितलं. डबा न उघडताच घरी निघून गेले.

१४ फेब्रुवारी
फिल्म मंजूर! हसणाऱ्या बायकांसकट. वर्षभराची कामंही आपलीच! भावोजींना म्हटलं, बघा, नाक दाबलं की तोंड उघडतं. मान हलवली, पण पेढ्यासारखे गोड झाले होते. नंतर फोनवर सासूबाईंना माझं कौतुक सांगताना ऐकलं.

१८ फेब्रुवारी
नव्या कामांसाठी त्यांच्या ऑफिसात गेले. 'थोडंसं' साहेबांच्या खुर्चीत एक तरुण मॅडम. "त्यांची गोदामात बदली झाली," इतकंच म्हणाल्या आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.
मनाला चुटपुट लागली. पण मी खोटं कुठे लिहिलं होतं? उशीर होतच होता ना?

२१ फेब्रुवारी
मॅडमनी 'तुमच्या माहितीसाठी' म्हणून जुना मेल पुढे पाठवला. खाली 'थोडंसं' साहेबांची आणि मोठ्या साहेबांची सगळी देवाणघेवाण तशीच चिकटलेली! त्यांच्या लक्षात आलं नसावं.
मोठे साहेब: "सुरुवात बालिश आहे. हिला काढा, दुसरी कंपनी बघा." त्याच दिवशी मला आलं होतं, सुरुवातीला थोडंसं मशीन दाखवू या.
मोठे साहेब: "फॅक्टरी आहे की सहल? या बायका कापा." त्यावर यांचं उत्तर: "सर, फिल्म बघणाऱ्याला त्याच लक्षात राहतील. छोटं करून घेतो."
नऊ वेळा असंच. हा माणूस नऊ वेळा मध्ये उभा राहिला, सगळ्या शिव्या स्वतः गिळल्या आणि मला फक्त गोड तेवढं पोचवलं. आणि मी काय केलं!
वर माझी तक्रार दिसली. पुढचं वाचवेना. लॅपटॉप मिटला. भावोजींना सांगायचंय, धीर होत नाही.

२२ फेब्रुवारी
वाचलं.
तक्रारीवर मोठे साहेब: "चूक कोणाची? हिचं काम आजच बंद करू?"
'थोडंसं' साहेबांचं उत्तर, तेरा मिनिटांनी: "चूक माझी आहे, सर. फिल्म उत्तम झाली आहे. पुढची कामंही त्यांनाच द्या."