मच्छीले लागतेच काय

॥ श्री ॥
मुक्काम कामठा

साळेबुवा दुलीचंद यास बकारामचा रामराम. शामकलेची तब्येत कशी हाय? बाळंतिनीले थंडं पानी देऊ नोको. पोराचं नाव काय ठेवलं ते तू कळवलं नाही, जिजाले, म्हंजे मले, विचारावं लागंल म्हनून लपवून राहिला असशील. दरेकशाच्या पहाडात थंडी लई पडते, पोराले गुंडाळून ठेव, अन तू बी कानाले फडकं बांध. तुहे कान जरा जास्तच बाहेर हायेत (रागावू नोको, माह्या लग्नात मी तुले त्यावरूनच ओळखलं होतं). इकडे धान चुरून झालं, बैल बरे हायेत. मी बी मजेत आहो. एकटा आहो तरी मजेत आहो.

आता पत्राचं कारन. तुही बहीन तुह्याकडे तुह्या बायकोच्या बाळंतपनासाठी आली असं तू समजून राहिला असशील. तसं समजत राहा, पन खरी गोष्ट अशी हाय. ती तिकडे निघाच्या आदल्या दिवशी शेजारचा यादोराव आमच्या ओसरीत बसला होता, आत मच्छी शिजून राहिली होती, अन मले भूक लागली होती. (भूक लागली की मानूस काही बी बोलते, त्याचा हिसाब ठेवाचा नसते.) मी आत आवाज देल्ला, "अवं, मच्छीले लागतेच काय? मीठ, हळद, आंबट अन आग! एवढा वेळ कायले?" यादोराव हासला. चूक त्याची हाय. तो हासला नसता तर गोष्ट तिथंच सरली असती. तुही बहीन दारात आली, सांडशी माह्यासमोर ठेवली, "करा मंग," म्हने, अन आत गेली. दुसऱ्या दिवशी तुहा निरोप आला अन ती गाडीत बसली. तुहं पोरगं आता हासाले लागलं असंल, पन बहिनीचा पत्ता नाही.

इकडे यादोराव रोज रस्त्यानं जाता जाता विचारते, "काय बकारामभाऊ, तुमच्या हातची मच्छी खाले कधी येऊ?" मी बी काही कच्चा नाही. म्हटलं, ये बजाराच्या दिवशी. सुखराम ढिवरानं बोडीच्या पान्यात जाळं टाकून धरलेली मरळ आनली, चांगली हाताएवढी, जिवंत. मरळ कशी असते तुले ठाऊक हाय, पांढऱ्या मासाची, गोड, काटा कमी. तिचा सवादच एवढा नरम की मसाला जास्त झाला तर मरळ खाल्ली का भोपळा ते कळत नाही. म्हनून मी म्हनतो फाजील धंदे नोको. मी तिले गंजात पानी घालून ठेवलं अन चिंच आनाले गेलो. आलो तर गंजात नुसतं पानी. मरळ पान्याबाहेर बी जगते हे मले माहीत होतं, पन ती चालत जाते हे माहीत नव्हतं. सापडली कुठं? कोठ्यात, गाईच्या पायापाशी, अन गाय तिच्याकडे पाहून राहिली होती. राख लावल्याशिवाय मरळ हातात राहत नाही, म्हनून चुलीतली राख घेतली. चुलीतली राख गरम असते. मरळ बी उडाली अन मी बी उडालो.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारन यादोराव ओसरीत येऊन बसला होता अन खाकरून राहिला होता. मी अर्ध्या फोडी तळाले घेतल्या. तवा तापाच्या आत टाकल्या, अन टाकल्या की लगेच उलथनं घातलं. वरचं तव्याले चिकटलं, खालचं उलथन्याले, अन मंधातलं चुलीत गेलं. म्हटलं काही हरकत नाही, उरल्या फोडींचा रस्सा करू. लसून, जिरं, मिरची, चिंच, वरून सांबाराची हिरवी पानं, झालं. मीठ पाहाले एक फोड खाल्ली. कमी वाटलं, टाकलं. मंग ते टाकलेलं पाहाले आनखी एक खाल्ली. आता आंबट पाहावं लागते का नाही? (तुही बहीन कधी चाखत नाही. वाफ हुंगते अन सांगते मीठ कमी हाय. मले वाटे नाटक करते.) यादोरावाच्या पानात डोकं अन शेपूट गेलं. त्यानं दोन्ही नीट पाहालं अन म्हने, "भाऊ, मंधातली मरळ कोनत्या गावाले गेली? दरेकशाले तर नाही?"

तवापासून मी रोज करून राहिलो, अन आता मले येते. शामकलेले वाचून दाखव, कामी पडंल. फोडी राखेनं चोळून धुवाच्या (थंड्या राखेनं). मीठ, हळद, ठेचलेला लसून अन चिंचेचा थोडा कोळ लावाचा अन एक पान चघळून होईपर्यंत ठेवाचं. पानी सुटते, ते पुसून टाकाचं. हे मले कोनी सांगतलं नव्हतं, सांगतलं असंल तर मी ऐकलं नसंल. मंग तांदळाच्या पिठात घोळाच्या, जवसाचं तेल चांगलं तापू द्याचं, अन टाकून हात मांडीखाली घेऊन बसाचं. उलथनं नोको, फुकनी नोको, तोंड बी नोको. झाली की मच्छी आपन होऊन तवा सोडते. आधी ओढली की तुटते. तुही बहीन माह्या हातातून उलथनं काऊन हिसकून घेई ते आता समजलं. अन एवढं बी जमत नसंल तर पळसाच्या पानात बांधून इंगळात पुराची. पान करपलं की मच्छी झाली, अन भांडं घासाचं काम नाही.

तर तुह्या बहिनीले आरामात राहू दे. इकडे तिच्यावाचून काही अडलं नाही. बाळंतिनीले जपजो, पोराले माह्याकडून एक मुका दे, अन कानाचं विसरू नोको.

तुहा जिजा
बकाराम

ता. क. चैतराम हे पत्र घेऊन येऊन राहिला, त्याच्याजवळ पळसाच्या पानाचा पुडा हाय. त्यात आज सकाळी तळलेली मरळ हाय, एक बी फोड तुटली नाही. ती तुह्यासाठी नाही. पुडा बहिनीच्या हातात दे.

आनखी एक. यादोराव आता काही विचारत नाही. रस्त्यानं जाते अन नुसता पाहते. ते जास्त वाईट हाय.

आनखी एक. वरतं दोनदा "मजेत आहो" लिहिलं अन खाली "अडलं नाही" लिहिलं, ते तिले वाचून दाखवू नोको. चैतरामले बी सांगून ठेवलं हाय, घर कसं हाय विचारलं तर खरं सांगजो.

शेवटचं. पुड्यातल्या मच्छीले मी मीठ लावलं नाही. विसरलो नाही, जानून नाही लावलं. ती पुडा सोडंल, हुंगंल, अन म्हनंल, एवढ्या दिवसांत या मानसाले मीठ बी समजलं नाही. तवा तू मंधात बोलू नोको, समजावू नोको, हात मांडीखाली घेऊन बस. ती आपन होऊन उठंल. रागात गेली, रागात येऊ दे, फक्त संध्याकाळच्या गाडीत बसवून दे. मी गोंदियाच्या टेशनावर छकडा घेऊन उभा राहीन. तिले हे सांगू नोको. विचारलं तर म्हनंन, बैलांले पानी पाजाले आलो होतो.