घरातल्या कागदी ताटल्या

बुधवार, १२ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. माझं अक्षर बघून आधी चकित होशील, मग रागावशील. रागाव, पण फाडू नकोस.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण ऐकतात. इस्पितळाच्या लाँड्रीत अजून जाते. तिथे आता कागदी चादरी, एकदा घालून फेकायचे गाऊन बंद झाले. परत कापडी आले, त्यामुळे काम दुप्पट आणि माझा भाव वधारलाय. नव्या चौघींना मीच शिकवते.

त्या नादात घरातही बदल केले. जुन्या चादरीचे चौकोन कापून रुमाल शिवले. दाराला कापडी पिशवी अडकवली. निम्म्या वेळा ती तिथेच लटकत राहते आणि मी बटाटे ओंजळीत घेऊन येते, ते सोड. कागदी ताटल्या आणि पेलेही काढून टाकले.

ताटल्यांचं मात्र जड गेलं. फेकून दिल्यावर किती जण जेवले ते कोण मोजतंय? आता ओट्यावर एक ताट, एक वाटी, एक पेला निथळत असतो. रोज. बघवत नाही गं. परवा उगाचच दोन ताटं विसळून ठेवली. हसू नकोस.

तुझ्या मुलीला मुलगा झाल्याचं मला परक्यांकडून कळलं. वाईट वाटलं, पण कुठल्या तोंडाने विचारणार होते?

सोमवारी नव्यांपैकी एकीने विचारलं, "मावशी, फुफ्फुसाच्या वॉर्डातल्या चादरी परत वापरायच्या? भीती नाही वाटत?" मी ताडकन म्हणाले, "उकळत्या पाण्यात काही उरत नाही. बावीस वर्षं हेच करतेय." बोलले आणि माझे हातच थांबले.

ताई, सहा वर्षांपूर्वी तुम्ही दोघं जेवायला आलात, तेव्हाही मी हेच काम करत होते. भावोजींच्या क्षयाचा औषधांचा कोर्स पूर्ण झाला होता. बरे झाल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. तरी आपल्या दोघींना मी स्टीलची ताटं मांडली आणि त्यांना कागदी ताटली. तू विचारलंस तर मी म्हणाले, ताटं कमी पडली. फडताळात आठ होती, ती तू बघितलीस. भावोजींनी जेवून ताटली दुमडली, स्वतःच कचऱ्यात टाकली आणि वर म्हणाले, "स्वयंपाक छान झाला होता." तू भांडलीस तर मी तुलाच संशयी ठरवलं.

मी घाबरले होते. सोय नाही, विसर नाही, घाबरले होते. जगाच्या चादरी धुणारी मी, घरच्या माणसाचं एक ताट धुवायला घाबरले. लाज वाटते, ताई.

वाचून झालं की हा कागद त्यांच्या हातात दे. माझ्या वतीने तू बोलू नकोस.

भावोजी, मी चुकले. मला माफ करा. नाही जमलं तर तसं कळवा, मी रुसणार नाही. जमलं तर ताईला घेऊन रविवारी जेवायला या. आणि जेवून उठल्यावर तुमचं ताट मला धुवू द्या.

तुमच्या दाराशी यायची हिंमत न झालेली,
तुमची धाकटी मेहुणी