गच्चीवरच्या छत्रीचा पंचनामा

३ मार्च, सोमवार

गाडीच्या टपावर छत्री! पावसात डोक्यावर धरतात ती नव्हे — टेबलाशेजारी उभी करतात ती, माणसापेक्षा उंच, खाली लोखंडी बूड. साडेतीनला वारा सुटला आणि गच्चीवरच्या खोलीत राहणाऱ्या घड्याळवाल्यांची छत्री तीन मजले खाली, थेट माझ्या गाडीवर. टप आत बसला, पुढच्या काचेचा चुरा. आज नेमकी मी बसने ऑफिसला गेले होते, नाहीतर गाडी वाचली असती.

संध्याकाळी घरी आले तर सगळी बिल्डिंग गाडीभोवती, आणि जो तो माझ्या तोंडाकडे बघतोय — आता ही काय करते! बावीस वर्षं विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी करतेय मी. दुसऱ्यांच्या चेपलेल्या गाड्यांवर माझं घर चालतं. आज घरचीच केस! डोळ्यांत पाणी आलं होतं, ते पुसलं आणि मोजायची टेप आणायला वर पळाले.

आई बाल्कनीतून बघत होती. खाली काही आली नाही.

४ मार्च

प्रश्न अगदी सरळ आहे. वादळ असेल तर दोष कुणाचाच नाही. मग माझ्याच विम्यातून दुरुस्ती, आणि इतकी वर्षं एकही क्लेम न केल्याची सवलत पाण्यात. पण छत्री नीट बांधलेली नसेल तर तो शेजाऱ्याचा हलगर्जीपणा, आणि भरपाई त्यांच्या घराच्या विम्यातून. हवामान खात्याला फोन केला. 'वारा होता, पण वादळ म्हणता येणार नाही.' झालं! चहा निवायच्या आत निकाल.

५ मार्च

गच्चीवर जाऊन आले. पहिली पंधरा मिनिटं तोंड उघडायचं नाही, नुसतं बघायचं, ही माझी पद्धत. टेबल एक, खुर्च्या दोन. छत्री बांधायचा दोर कठड्याला तसाच. तुटलेला नाही, झिजलेला नाही — गाठ हाताने सोडलेली.

घड्याळवाले दारात उभे. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "चूक माझी, ताई. बांधायला विसरलो. सही कुठे करू?"

बावीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं! लोक मला भिंतच गाडीला येऊन धडकल्याचं सांगतात. मोहरीएवढे स्क्रू सांभाळणारा हा माणूस दोर विसरला? जरा खटकलं. पण कबुली ती कबुली.

६ मार्च

सही घेतली. केस बंद. स्वतःवर खूश!

८ मार्च

बिल्डिंगचे मालक आले होते. घड्याळवाल्यांच्या कबुलीची प्रत विमा कंपनीने त्यांनाही पाठवली. "आज गाडीवर पडली, उद्या कुणाच्या डोक्यात पडेल. असला बेफिकीर भाडेकरू मला नको. महिनाअखेर खोली रिकामी."

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. सत्तरीचा एकटा माणूस, त्या खोलीतच त्याचं कामाचं टेबल, तिथेच गिऱ्हाइकं. पण मी तरी काय करणार? मी फक्त अहवाल लिहिला.

आई जेवताना घास चिवडत बसली. बरं नाही का म्हणून विचारलं तर, "मला काय धाड भरलीय!"

१० मार्च

मला चैन पडेना. तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंकडे सहज विषय काढला. म्हणाल्या, "अहो, ते त्या दुपारी दोनपासून माझ्या दुकानात होते, भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करत. वारा सुटला तसे धावत वर गेले."

आणि खाली पडली ती छत्री उघडी होती. मिटलेली छत्री एवढी उडत नाही. म्हणजे दोर सोडून छत्री उघडली दुसऱ्याच कुणीतरी! आणि म्हातारा खोटं बोलला — तेही स्वतःच्या विरुद्ध.

दिवसभर बिल्डिंग पिंजून काढली. सात घरं, सतरा माणसं. सगळ्यांची ठाम नाही. फक्त आमचं घर सोडलं. नात्यातल्यांची जबानी घ्यायची नाही, हा माझा पहिल्या दिवसापासूनचा नियम. शिवाय घरी आहे कोण? बाबा गेल्यापासून आई माझ्याकडे असते, आणि ती दुपारी झोपलेली असते.

११ मार्च

वर जाऊन सरळच बोलले. "तुम्ही खोटं सांगितलंत."

डोळ्याला भिंग लावून काम चालूच. "सही माझीच आहे ना, ताई? मग झालं."

"अहो, खोली जाईल तुमची!"

"खोल्या मिळतात."

आणि चिमट्याने पुढचा स्क्रू उचलला. असा राग आला! कुणाला वाचवतायत हे? पण शोधून काढेन. माझ्या हातून आजवर एकही केस सुटलेली नाही.

१२ मार्च

सकाळी आई समोर येऊन बसली. "माझी जबानी घे."

"आई, तुझी चालत नाही."

"लिही गपचूप. छत्री मी उघडली. ऊन लागत होतं. ते खालून यायचे होते, मी वाट बघत बसले होते. वारा आला, मला मिटता येईना, घाबरून घरी पळाले. त्यांना म्हटलं होतं मी सांगते, तर ऐकेनात. लोक तुम्हाला नावं ठेवतील म्हणाले."

"तू गच्चीवर जातेस?"

"दोन वर्षं. रोज दुपारी. तू कधी विचारलंस?"

म्हणजे हलगर्जीपणा माझ्याच घरचा. क्लेम मागे घ्यायचा, गाडी माझ्याच खर्चाने दुरुस्त करायची. त्याचं काही नाही. सतरा माणसांना विचारत फिरले आणि आईला विचारलं नाही, याची फार लाज वाटली.

"मालकांना सगळं सांगून आलेय," आई म्हणाली. "घड्याळवाले खोली सोडणार नाहीत. मीच वर राहायला जातेय."

कधी, म्हणून विचारलं.

"आज. तू ऑफिसातून येईपर्यंत गेलेली असेन."