रिकामं पॅकेज

६ नोव्हेंबर २०१७, सोमवार

आलो एकदाचा डहाणूला. हवा छान, डोकं शांत, साहेबाची कटकट नाही. स्टेशनपासून आगर गावापर्यंत रिक्षावाल्याने मला मराठी, गुजराती आणि हिंदीत चिकूचे भाव ऐकवले. मी तिन्ही भाषांत गप्प बसलो.

काम अगदीच किरकोळ आहे. इथल्या मच्छीमार सोसायटीच्या बर्फ कारखान्यात एक लिनक्सचा कॉम्प्युटर आहे. बोट समुद्रात जाण्याआधी तिला किती बर्फ द्यायचा त्याची चिठ्ठी तो छापतो. पाच वर्षांत त्याला कुणी अपडेट केलेलं नाही. कंपनीने मला आठवडा दिलाय, मी तीन दिवसांत उरकून दाखवणार. मग बंगळूरची जागा माझीच.

कारखान्याची मशिनं सांभाळणारा नारू आणि त्याची बायको वेणू यांच्या घरातली पुढची खोली मला मिळाली आहे. वेणूमावशी बोंबील सुकवते, त्यामुळे दोन दिवसांत माझ्या शर्टांनाही बाजारात भाव येईल. आल्या आल्या तिने विचारलं, "तू कोनाचा?" मी सांगितलं, कोणाचाच नाही, मी श्रीरंग. तिला ते काही पटलं नाही. आत जाऊन तिने एक पितळी तांब्या आणून माझ्या हातात दिला. इथली पद्धत म्हणे: नव्या माणसाला घरातलं एक भांडं द्यायचं आणि तो इथे असेपर्यंत ते परत घ्यायचं नाही. म्हणजे घरात रोज विचारणा होते, तांब्या कुठंय, तांब्यावाला कुठंय. माणूस कुणाच्या तरी ध्यानात राहतो. मी हसू दाबून मान डोलावली. असल्या लोकांना कॉम्प्युटर दिला कुणी?

७ नोव्हेंबर, मंगळवार

आज मशीन उघडलं. कुणाला समजावून सांगायची वेळ आली तर असं सांगेन: लिनक्समध्ये प्रत्येक प्रोग्रॅम म्हणजे एक पॅकेज, आणि एका पॅकेजला दुसरं लागतं. भाजीला फोडणी लागते, फोडणीला तेल लागतं, तसं. याला डिपेन्डन्सी म्हणतात. तेल नसेल तर भाजी होत नाही, आणि चुकीचं तेल हटून बसलं तर नवं येत नाही.

इथे हटून बसलेल्या पॅकेजचं नाव आहे 'जीवन'. चिठ्ठीच्या प्रोग्रॅमला ते लागतंच लागतं, आणि ते जुन्या सिस्टीमशिवाय चालत नाही. म्हणून सगळं अपडेट अडलेलं. उघडून पाहिलं तर आत काहीच नाही. एक फाइलसुद्धा नाही. नुसतं नाव.

नारूने खुलासा केला. जीवन हा माझ्याआधीचा इथला कॉम्प्युटरवाला. रानशेतचा, आईबाप लहानपणीच गेलेले, मागेपुढे कुणी नाही. हल्ली चारोटीला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात असतो. जाताना त्याने वेणूचा तांब्या परत केला, आणि त्याऐवजी आपलं नाव मशीनमध्ये ठेवलं. रोज सकाळी मशीन चालू झालं की पडद्यावर 'जीवन: आहे' अशी ओळ येते. नारू ती मोठ्याने वाचतो, मग पहिली चिठ्ठी निघते. तो वाचत असताना रांगेतले खलाशीसुद्धा गप्प उभे राहतात म्हणे.

मी पोट धरून हसलो. देव्हाऱ्यात लिनक्स. नारूला वाईट वाटलं असावं, वाटू दे.

आईचा फोन आला होता. जेवलास का, काय जेवलास, कोण वाढतं. शेवटी सांगून टाकलं की रोज फोन करत जाऊ नकोस, मी कुकुलं बाळ नाही. मला कुणी लागत नाही. तिने फोन ठेवला.

८ नोव्हेंबर, बुधवार

नारूच्या आग्रहाखातर जीवनला फोन लावला. फारच अदबीने बोलला. म्हणाला, साहेब, ते काढू नका, रविवारी सुट्टी आहे, मी येतो आणि नव्या सिस्टीमसाठी तसंच दुसरं करून देतो. रविवारपर्यंत थांबा. मी हो हो म्हणून फोन ठेवला आणि ते काढून टाकलं. एका रिकाम्या डबीसाठी मी रविवारपर्यंत बोंबील हुंगत बसणार नाही.

मग ऑटोरिमूव्ह चालवलं. ही आज्ञा मला फार आवडते. ज्यांची आता कोणालाच गरज नाही अशी पॅकेजेस ती शोधून काढते आणि विचारते, टाकू का? यादी लांबलचक होती. न वाचता हो म्हटलं. अपडेट सुरळीत पार पडलं, चिठ्ठीही छापली गेली. तीन दिवस म्हटलं होतं, तीनच लागले.

तांब्या घासूनपुसून वेणूमावशीला परत दिला. दोन दिवस चिठ्ठ्या नीट निघतात का ते बघून शनिवारी निघणार, मला कुणाचं लोढणं नको. तिने हात पुढे केला नाही, म्हणून ओट्यावर ठेवून आलो.

९ नोव्हेंबर, गुरुवार

ती ओळ दिसली नाही की नारू गळा काढेल असं वाटलं होतं. त्याने सरळ चिठ्ठी फाडली आणि खलाशाला दिली. मीच डिवचलं, काय नारूशेठ, आज जीवन नाही वाटतं? त्याने विचारलं, कोन जीवन?

रुसले आहेत. रुसायलासुद्धा यांना एकमत लागतं. वेणूही तेच विचारते, अगदी तस्साच चेहरा करून.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

हे नाटक उघडं पाडायला चारोटीला गेलो. जीवनला फोन आधीच लावून पाहिला होता, असा नंबर अस्तित्वात नाही. हायवेच्या कडेचं ते दुकान सापडलं. मालक म्हणाला, मी पहिल्यापासून एकटाच काम करतो. समोर दुसरी खुर्ची होती. तिच्यापुढे एक मोबाइल अर्धा उघडलेला, बाजूला चहाचा ग्लास, त्यातून वाफ निघत होती. मी ग्लासाकडे बोट दाखवलं. मालकानेही पाहिलं. त्याला नवल वाटल्यासारखं दिसलं. मग त्याने चहा बाहेर ओतून दिला आणि ग्लास विसळला.

माणूस नोकरी सोडून पळाला असेल. असले लोक पळतातच.

११ नोव्हेंबर, शनिवार

निघायचं होतं. कंपनीकडून तिकीट आलं नाही. मेल उघडत नाही, असा कर्मचारी नाही म्हणतं. तिथे बसलेली गाढवं.

वेणूमावशीने दोघांचंच वाढलं. तांब्याचा राग, दुसरं काय. मी हाक मारली तर ती दाराकडे बघून नारूला म्हणाली, वारा सुटलाय. मग माझ्या खोलीत येऊन तिने केर काढला. माझ्या पायांवरून झाडू फिरवला. एकदाही अडखळली नाही.

१२ नोव्हेंबर, रविवार

आईचा फोन नाही. मीच नको म्हणालो होतो. मीच लावला.

ती म्हणाली, कोण? मी नाव सांगितलं. म्हणाली, बाळा, चुकीचा नंबर लागला, मला मूलबाळ नाही. मी ओरडलो, तिच्या उजव्या मनगटावरच्या भाजल्याच्या डागाचं सांगितलं, तो माझ्यामुळे पडला होता. ती घाबरली. तरी ठेवण्याआधी म्हणाली, कुठे अडकला असशील तर घरच्यांना फोन कर रे.

मला भीती वाटते आहे. लिहून ठेवतो, मला भीती वाटते आहे.

१३ नोव्हेंबर

मशीन चालू केलं. मी काहीही न विचारता पडद्यावर आलं — खालील पॅकेजची आता कोणालाच गरज नाही. टाकू का? खाली एकच नाव.

श्रीरंग.

मी असलं पॅकेज बनवलेलं नाही. नाही म्हटलं. पुन्हा विचारलं. पुन्हा नाही —

१४ नोव्हेंबर

जीवनने केलं तेच केलं. माझ्या नावाचं रिकामं पॅकेज. चिठ्ठीला ते लागतं असं लिहिलं. मशीनने ते घेतलं. पडद्यावर आलं — 'श्रीरंग: आहे'.

पण वाचायला हवं ना कुणीतरी. मोठ्याने. नारू आला, ओळीकडे बघत राहिला. ओठ हलल्यासारखे वाटले. मग फडक्याने पडदा पुसला.

तांब्या अजून ओट्यावरच आहे. उचलायला गेलो. बोटांना पितळ लागत नाही. पेन तेवढं लागतं, ते माझं आहे म्हणून असेल —

मावशीसमोर हात जोडले. मावशी, दे ना. परत नाही करणार. कधीच —

१५ नोव्हेंबर

कंपनीने कुणीतरी पाठवलंय. रुपल नाव. तलासरीची. हसतमुख आहे. वेणूमावशीने विचारलं, तू कोनाची? ती म्हणाली, आता तुमचीच, मावशी. मावशीने तिला तांब्या दिला. माझा. ती पाणी प्यायली आणि तिने तो उशाशी ठेवला.

तिच्या आईचा फोन आला. हो, जेवले म्हणाली. बोंबील जेवले.

ती माझ्या खुर्चीत बसली, मी कसाबसा उठलो —

नाव सापडलं तिला. उघडलं. आत काहीच नाही. पोट धरून हसली. अगदी माझ्यासारखी —

नारूला विचारलं, हा श्रीरंग कोण? नारूने वर पाहिलं, थेट माझ्याकडे. बराच वेळ. मग डोकं खाजवलं. कोन जाने, म्हणाला.

काढू?

काढ.

मी कीबोर्डवर हात दाबून धरलाय. तिचं बोट माझ्या हातातून —

वाच. नारू, वर ओळ आहे, वाच ना रे, एकदाच, मोठ्याने, श्रीरंग आ