ताईला फिरायला मीच कशी आठवले?

बुधवार, ८ ऑक्टोबर

ताईचा फोन! आईच्या दोन खोल्यांवरून भांडलो, तेव्हापासून बाईने माझं नाव टाकलं होतं. आज म्हणे, "रविवारी तळ्याकाठच्या रस्त्याने फिरायला जाऊ. दोघीच." हो म्हटलं खरं. पण कुठेतरी पाणी मुरतंय.

गुरुवार

दुकानात गिऱ्हाइकांच्या कोटांना इस्त्री करताना डोक्यात तेच. खोल्या दोघींच्या नावावर आहेत — माझी सही हवी असणार. देणार नाही. मेले तरी नाही!

रविवार, १२ ऑक्टोबर

आत्ताच आले. पाय भरून आलेत.

रस्ता छान आहे. डांबरी, मध्ये पांढरा पट्टा — अलीकडे चालणारे, पलीकडे सायकली. कडेला उंच गवत, तळ्यात बदकं. पण बघतंय कोण? माझा डोळा ताईच्या पिशवीवर. कागद त्यातच असणार! दर बाकावर बसायची. मला वाटायचं, आता काढते. काढली ती बाटली, तीही एवढीशी! दोन घोट घेऊन झाकण बंद. पाण्यातसुद्धा चिक्कूपणा.

मग चौकशा. "तुला साखर नाही ना गं? बीपी? चढावर दम लागतो?" माझ्या मरणावर टपलीय की काय! म्हणजे खोल्या आयत्याच. "ठणठणीत आहे मी. तुझ्याआधी काही जात नाही," म्हटलं. तर हसली! चेहरा सुजलेला होता. रडून आली असणार. सगळं सोंग.

या रागात मी कधी पट्ट्यापलीकडे गेले, कळलंच नाही. ताईने दंडाला धरून खसकन ओढलं. सायकलवाला शिव्या घालत गेला. "जप गं! तुला काही होऊन चालायचं नाही." एकदम एवढा पुळका?

परतताना मी तोडूनच टाकलं — "ताई, काही मागायला आली असशील तर आत्ताच ऐक. नाही!"

ती वाकून बुटाची नाडी सैल करत राहिली. मग म्हणाली, "काही नाही गं. तुझ्याबरोबर चालायचं होतं."

जिरवली चांगली. पण बरं वाटत नाहीये.

सोमवार

तिचा फोन नाही. मी कशाला करू?

मंगळवार, १४ ऑक्टोबर

भाऊजींचा फोन. "विचारलं का तिने तुला?" मी तडकले — "सहीचं ना? नाही म्हणून सांगितलंय!"

"कसली सही?"

मग म्हणाले, "दोन्ही किडन्या गेल्यात गं तिच्या. माझी जुळत नाही. डॉक्टर म्हणाले, सख्ख्या बहिणीला विचारा. तिची हिंमतच होईना. म्हणाली, चालता चालता विचारीन."

काय बोलले गं मी तिला!

बुधवार, १५ ऑक्टोबर

रक्त तपासायला देऊन आले. ताईला कळवलं, तर आता तीच म्हणते, "तुझी नको." उद्या जाऊन तिच्या दारात बसते. बघू मला कोण हलवतंय!